आठ हजार वर्षांपूर्वीच्या खापरात वाइन होती, हे कळतं कसं?

निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलंय : जॉर्जिया देशात ८००० वर्षांपूर्वीची वाइन सापडली म्हणे. एवढ्या वर्षांनी मडक्यात उरणार काय? आणि उरलंच असेल तर ते वाइनचंच, नुसत्या रसाचं किंवा मनुकांचं नाही, हे कशावरून? आपल्याकडे एवढं जुनं काही का सापडत नाही? पत्राच्या शेवटी त्यांनी असंही लिहिलंय की नांगरटीत त्यांना रांजणाच्या बुडाचा जाडजूड तुकडा मिळाला आहे, त्याचं काय करायचं.

जुन्या खापरांत मुरलेल्या पदार्थांची तपासणी करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. शेवटच्या प्रश्नाकडे शेवटीच वळतो, पण तोवर एक करा : तो तुकडा धुऊ नका.

पहिली गोष्ट, वाइन कुणालाच सापडलेली नाही. अल्कोहोल उडून जातं, साखर सूक्ष्मजीव फस्त करतात, रंग विटतो. वासाचं तर नावच नको. मग मागे राहतं ते मडक्याच्या अंगात शिरलेलं. ताकाचं जुनं मडकं राखेनं कितीही घासलं तरी त्याचा आंबूस वास जात नाही, हे घरोघरी माहीत असतं. बिनझिलईच्या भाजक्या मातीला असंख्य बारीक छिद्रं असतात. माठ पाझरतो तो त्यांतूनच, आणि आत ठेवलेला पातळ पदार्थही त्यांतच मुरतो. भांडं फुटलं, गाडलं गेलं, तरी त्या छिद्रांत अडकलेले काही रेणू हजारो वर्षं टिकतात. सगळे नाहीत, काही चिवट तेवढेच.

द्राक्षाच्या बाबतीत तो चिवट गडी म्हणजे टार्टारिक आम्ल. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक तक्ता असायचा : लिंबात सायट्रिक आम्ल, ताकात लॅक्टिक, चिंचेत टार्टारिक. द्राक्षातही तेच भरपूर असतं, आणि बहुतेक फळांत ते नगण्य असतं. हे आम्ल पाण्यात सहज विरघळतं, पण मातीतल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की तयार होणारा क्षार मात्र जेमतेम विरघळतो आणि खापराला धरून बसतो. आम्ही खापराचा आतला थर खरवडतो, त्याची पूड करतो, द्रावकात काढतो आणि यंत्रातून एकेक रेणू वजनावरून ओळखतो.

आता त्या तक्त्यातला ‘चिंच’ हा शब्द पुन्हा वाचा. आमचं घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. टार्टारिक आम्ल सापडलं म्हणजे द्राक्ष सापडलं, हे समीकरण चिंच नसलेल्या मुलखातच चालतं. कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी, म्हणजे जॉर्जियाच्या बाजूला, नवाश्मयुगात चिंच नव्हती, म्हणून तिथे ते बऱ्यापैकी धरून चालता येतं. चीनमधल्या हनान प्रांतात जिआहू नावाचं गाव आहे, इ.स.पू. ७००० च्या आसपासचं. तिथल्या मडक्यांत तांदूळ, मध आणि एखादं फळ यांचं आंबवलेलं पेय असल्याचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. ते फळ द्राक्ष की तिकडचं हॉथॉर्न हे मात्र ठरवता आलं नाही, कारण त्या हॉथॉर्नमध्येही टार्टारिक आम्ल भरपूर असतं. जगातलं सर्वांत जुनं मद्य म्हणून जिआहूचं नाव घेतात, त्याला माझी हरकत नाही. सर्वांत जुनी द्राक्षाची वाइन म्हणून घेतात तेव्हा मात्र कपाळाला हात लावावासा वाटतो.

या आम्लानं मलाही एकदा तोंडघशी पाडलंय. एका गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर, उत्खनन चालू होतं. रांजणाच्या बुडाचे पाच-सहा तुकडे माझ्याकडे आले आणि सगळ्यांत टार्टारिक आम्ल निघालं. दोन रात्री झोप लागली नाही. मग जरा भानावर येऊन चराबाहेरची, जिथे वस्तीचा मागमूस नाही अशी माती मागवली. तिच्यातही तेच, जवळजवळ तेवढंच. जागेवर जाऊन पाहिलं तर चरापासून वीस पावलांवर चिंचेचं भलं मोठं झाड, आणि गावातल्या कित्येक पिढ्यांनी त्याखाली चिंचा झोडलेल्या. तेव्हापासून खापरासोबत आजूबाजूची माती आली नसेल तर मी नमुना परत पाठवतो.

जॉर्जियाच्या कामावर माझा विश्वास बसला तो याच कारणानं. तिबिलिसीच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर गदाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा अशी दोन प्राचीन गावं आहेत. ‘गोरा’ म्हणजे त्यांच्या भाषेत टेकाड, आपण पांढरीचं टेकाड म्हणतो तसंच. कच्च्या विटांची एकमेकांना चिकटलेली छोटी गोल घरं, गहू-जव, गाई-डुकरं-शेळ्यामेंढ्या, ज्वालामुखीच्या काळ्या काचेची पाती, आणि चाकाशिवाय हातानं वळलेली मडकी. काळ इ.स.पू. ६००० ते ५८००. पेनसिल्वेनिया विद्यापीठाचे पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि त्यांच्या जॉर्जियन व कॅनेडियन सहकाऱ्यांनी २०१७ साली या मडक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ खापरांत टार्टारिक आम्ल मिळालं, सोबत मॅलिक, सक्सिनिक आणि सायट्रिक आम्लंही. शेजारची मातीही त्यांनी तपासली होती आणि खापरातलं प्रमाण तिच्यापेक्षा वरचढ होतं. मला बातमी या वाक्यात दिसली, ‘८००० वर्षं’ या आकड्यात नाही.

त्यांनी निवडलेले बरेचसे तुकडे भांड्यांच्या बुडाचे होते. साहजिक आहे, गाळ तळालाच बसतो. जुन्या थरांत द्राक्षाचे परागकण मिळाले, जे आजच्या वरच्या मातीत जवळपास नाहीत. म्हणजे आज त्या जागी वेली नाहीत, तेव्हा होत्या. आणि एक मजेशीर शोध : फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांचे सूक्ष्म अवशेष.

त्या चिलटांबद्दल वाचलं आणि हसू आलं, कारण ती मला चांगलीच ओळखीची. काही वर्षांपूर्वी कुंभाराकडून दोन सारखे माठ आणले होते, झिलई नसलेले. दोन्हींत हातानं कुस्करलेली द्राक्षं घातली, सालीबियांसकट. वरून यीस्ट, साखर काही नाही. मार्च महिना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कान लावला तर आतून बारीक सूं-सूं ऐकू येत होतं, आणि तिसऱ्या दिवशी सालपटांचा जाड थर फुगून वर आला. माठाच्या बाहेरच्या अंगाला चिकट, गुलाबीसर घाम सुटला आणि त्यावर चिलटांचा नुसता बाजार भरला. एका माठाचं तोंड मी शाडूनं लिंपून घेतलं, वाफ जायला छोटीशी फट ठेवून आणि उकळी बसल्यावर तीही बुजवून. दुसऱ्यावर नुसतं फडकं बांधलं. महिन्याभरानं लिंपलेल्या माठात आंबट, तुरट, पण पिण्याजोगं काहीतरी होतं. फडक्याच्या माठात फक्कड व्हिनेगर तयार झालं होतं, घरच्यांनी ते कोशिंबिरीत संपवलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या दोन माठांत आहे. रस हा फार वेळ रस राहतच नाही. सच्छिद्र मडकं, उबदार हवा आणि सालीवर आलेलं रानयीस्ट एवढं जमलं की दोन-तीन दिवसांत तो आंबणारच. शीतकपाट नसलेल्या गावात ‘आम्ही रस साठवत होतो’ हे म्हणणं टिकत नाही. पण आंबल्यानंतर त्याची वाइन राहते की व्हिनेगर होतं, हे हवेवर, म्हणजेच झाकणावर ठरतं. आणि झाकणाची गोष्ट टार्टारिक आम्ल सांगत नाही, ती जमिनीतून काढावी लागते.

मनुकांचा मुद्दा त्यामानानं सोपा आहे. कोरडा पदार्थ मडक्याच्या अंगात मुरत नाही. शिवाय मनुका ठेवायला कुणी अरुंद गळ्याचं भांडं घेणार नाही, हात कसा जाणार? काकवीसारखा आटवलेला द्राक्षरस ही शंका जास्त खरी आहे. तुर्कस्तानात ‘पेकमेझ’ म्हणून तो आजही करतात. तो दाट, गोड पाक आंबत नाही आणि त्यातही टार्टारिक आम्ल असतंच. नुसत्या रसायनशास्त्रावर ही शंका पुरती मिटत नाही. काही जण सक्सिनिक आम्लाला आंबण्याची खूण मानतात, पण ते इतक्या ठिकाणी आढळतं की मी त्यावर पैज लावणार नाही.

म्हणून मला जॉर्जियापेक्षा इराणमधलं एक स्वयंपाकघर जास्त आवडतं. झाग्रोस पर्वतात, ऊर्मिया सरोवराजवळ हाज्जी फिरूझ तेपे नावाचं गाव होतं, इ.स.पू. ५४०० ते ५००० च्या सुमाराचं. मेरी व्हॉइट यांनी १९६८ मध्ये तिथलं एक कच्च्या विटांचं घर खणलं. स्वयंपाकघर वाटावं अशा खोलीत एका भिंतीशी सहा बरण्या ओळीनं जमिनीत बसवलेल्या होत्या, प्रत्येकी सुमारे नऊ लिटरची. लांब, चिंचोळे गळे, आणि त्या गळ्यांत बसतील अशी मातीची बुचं जवळच पडलेली. एका बरणीच्या तळाशी पिवळट थर होता. तेव्हा तो दुधादह्याचा काहीतरी असावा असं वाटलं होतं. पुढे मॅकगव्हर्न यांनी त्याची तपासणी केली आणि १९९६ साली निष्कर्ष छापला : टार्टारिक आम्लाचा कॅल्शियम क्षार, आणि सोबत टेरेबिंथ नावाच्या पिस्त्याच्या जातभाई झाडाची राळ.

ती राळ महत्त्वाची. तिनं जंतूंची वाढ रोखली जाते, आणि ग्रीसमध्ये राळ घातलेली वाइन लोक आजही चवीनं पितात. आता हे सगळं एकत्र मांडा. द्राक्षाचा पातळ पदार्थ, टिकण्यासाठी घातलेली राळ, हवा आत जाऊ नये म्हणून चिंचोळा गळा, त्याला बूच, आणि घरातल्या ठरावीक कोपऱ्यात पक्की जागा. व्हिनेगर हवं असणारा माणूस बूच कशाला लावेल? त्या वेळच्या रासायनिक चाचण्या आजच्या मानानं ढोबळ होत्या, त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती रास्त आहे. पण त्या खोलीची मांडणीच इतकी बोलकी आहे की चाचणी थोडी लंगडी असली तरी माझं मन वाइनकडेच झुकतं. सहा बरण्यांची मिळून ५० लिटरच्या वर क्षमता होते. गावजेवणाची नव्हे, एका घराची वर्षभराची बेगमी. तुमच्या आजीच्या काळी माजघरात लोणच्याच्या बरण्यांची रांग असेल, तसंच काहीसं.

आणि बेगमी का लागते, हे बागायतदाराला मी काय सांगू? आपल्याकडे वेल थंडीत पुरता झोपत नाही, म्हणून तुम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी करून त्याला वळण लावता. तिकडे बर्फ पडतं, वेल आपोआप झोपतो आणि वर्षातून एकदाच, पावसाळा नव्हे तर उन्हाळा संपताना फळ देतो. सगळं एकदम पिकतं, पाखरं तुटून पडतात, पंधरा दिवसांत काय ते आटपायचं. वाळवा, आटवा, नाहीतर आंबवा.

थेट वाइन ‘करताना’ पकडायचं तर थोडं अलीकडे यावं लागतं. उत्तर ग्रीसमधल्या दिकिली ताश इथे इ.स.पू. साडेचार ते चार हजारांच्या दरम्यान एक घर जळालं आणि त्या आगीनं दोन हजारांहून जास्त द्राक्षबिया आणि सुमारे ३०० पिळलेली सालपटं कोळसा करून जपून ठेवली. नुसत्या बिया मिळाल्या तर माणसानं द्राक्षं खाल्ली एवढंच कळतं. रिकामी सालपटं मात्र खाणाऱ्याची नाहीत, पिळणाऱ्याची असतात.

आर्मेनियातल्या अरेनी गावाजवळच्या गुहेत तर आख्खा कारखाना मिळाला, इ.स.पू. ४००० च्या सुमाराचा. मातीचा उथळ, उतरता ओटा, त्यावर द्राक्षं टाकून पायांनी तुडवायची, आणि रस वाहत जाऊन जमिनीत पुरलेल्या सुमारे ६० सेंटीमीटर खोल रांजणात पडायचा. जवळच बिया, सालपटं, वाळलेले देठ. गुहा इतकी कोरडी की त्याच ठिकाणी साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा जोडा जसाच्या तसा सापडला, त्याला जगभर जास्त प्रसिद्धी मिळाली. रांजणावर लाल द्राक्षाला रंग देणारं मॅल्व्हिडिन मिळालं. डाळिंबातही ते असतं असा आक्षेप आला, पण तिथे डाळिंबाचा एक दाणासुद्धा नव्हता. शेजारी थडगी असल्यानं ही वाइन मृतांच्या विधीसाठी असावी असं उत्खनन करणाऱ्यांना वाटतं. ‘सर्वांत जुनी कुठली’ असं कुणी विचारलं तर मी जॉर्जिया सांगतो, पण ‘पैज कशावर लावाल’ असं विचारलं तर अरेनी. मधली दोन हजार वर्षं हा आमच्या खात्रीतला फरक आहे.

जॉर्जियात आज वाइन जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणात करतात, त्याला क्वेव्री म्हणतात. २०१३ मध्ये युनेस्कोनं त्या पद्धतीला वारसा म्हणून मान्यता दिली. पर्यटकांना ‘ही ८००० वर्षांची अखंड परंपरा’ असं सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण नवाश्मयुगातली ती भांडी सपाट बुडाची आहेत आणि क्वेव्री खाली निमुळती, अंड्यासारखी. एका जुन्या रांजणावर मातीचे गोळे चिकटवलेत, त्यांना द्राक्षांचे घड म्हणतात. मला ते गोळेच वाटतात. असो.

वेलीबद्दल थोडं, कारण तुम्हाला त्यात रस असेल. रानद्राक्षाचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, त्यामुळे निम्म्या वेलींना फळच धरत नाही. बागेतल्या द्राक्षात एकाच फुलात दोन्ही असतात. असा वेल रानात अपघातानं उगवत असणार. कुणीतरी दरवर्षी भरघोस धरणारा वेल हेरला आणि काडी लावून तोच वाढवला. तुम्ही डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधता, त्याचा खापरपणजा म्हणजे ती काडी. २०२३ साली साडेतीन हजारांच्या आसपास वेलींच्या जनुकांचा मोठा अभ्यास आला. त्यात द्राक्ष सुमारे ११,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात आणि कॉकेशसमध्ये, असं दोन ठिकाणी माणसाळलं असं दिसतं. म्हणजे वेल मडक्यापेक्षा तीन हजार वर्षांनी थोरला. त्या मधल्या काळात लोक कातडी बुधल्यांत किंवा कोरलेल्या लाकडी भांड्यांत काही आंबवत नसतील कशावरून? पण चामडं आणि लाकूड कुजतं. सर्वांत जुनी वाइन आणि त्या भागातली सर्वांत जुनी मडकी एकाच काळातली निघतात, हा योगायोग नाही. आम्ही जिथे शोधू शकतो तिथेच ती सापडते.

आपल्याकडे का नाही, तर दख्खनमध्ये हे द्राक्ष मुळात रानात नव्हतंच. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं ताम्रपाषाण काळातलं गाव वर्षानुवर्षं खणलं. जव पिकवणारे, धान्याची पेवं आणि कणग्या बाळगणारे शेतकरी होते ते. इथल्या माणसाला आंबवायचं असेल तर मोह, ताडी-शिंदी, मध हे हाताशी होतं, आणि त्यांची टार्टारिकसारखी ठळक खूण खापरात मागे राहत नाही. द्राक्षाचं मद्य आपल्याला परदेशी माल म्हणूनच माहीत होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटलंय आणि त्याचे ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ हे प्रकार मुलखाच्या नावावरून सांगितलेत, त्यातली कापिशी आजच्या अफगाणिस्तानात. पुढे सातवाहनांच्या काळात भडोचच्या बंदरात इटलीची वाइन उतरत होती, हे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत नोंदवलंय. तेर, नेवासे इथे भूमध्य सागराकडच्या दोन कानांच्या कुंभांचे, म्हणजे अँफोरांचे तुकडे मिळाले आहेत ते या व्यापाराचे. मात्र पूर्वी अँफोरा म्हणून नोंदलेले पश्चिम भारतातले बरेच तुकडे रोबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा तपासले, तेव्हा ते इराण-इराककडचे ‘टॉर्पेडो’ रांजण निघाले. ओळखायची खूण सोपी : आतून डांबराचा काळा लेप.

आता तुमचा तुकडा. आपल्याकडे उत्खननावर खापरं निघाली की संध्याकाळी पाट्या भरून ब्रशनं धुतात, नक्षी दिसावी म्हणून. मीही विद्यार्थी असताना धुतली आहेत. माझ्या आजच्या कामाचा निम्मा पुरावा त्या बादल्यांतून वाहून गेला. म्हणून पाणी नाही, ब्रश नाही. आतल्या बाजूला बोट लावू नका, हाताच्या त्वचेतलं तेल आमच्या यंत्राला स्पष्ट दिसतं. प्लास्टिकच्या पिशवीतलीही रसायनं उतरतात, तेव्हा साध्या ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, चकचकीत नसलेली बाजू आत ठेवून. जिथे सापडला तिथली ओंजळभर माती, आणि तिथून पन्नास पावलांवरची ओंजळभर माती, वेगवेगळी बांधा. गट नंबर, कोपरा आणि किती खोलीवर मिळाला ते लिहा, आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. तिथे आणखी खणू मात्र नका. आत काळा, डांबरासारखा थर असेल तर तेवढं मला आधी कळवा. आणि बांधावर चिंच आहे का, तेही.